पाचवीचा पट

"बाई, तेवढं एक सांगा. तुमची स्वतःची पोरगी कुठं घालणार?"

नीलमच्या आईने हे विचारलं तेव्हा तिचा लाटण्यावरचा हात थांबला नव्हता. मे महिन्याची भरदुपार होती, भांडुपच्या डोंगरावरच्या त्या एका खोलीत दोन तवे तापलेले होते आणि बाहेरच्या अरुंद वाटेवर आम्ही तिघं उभे होतो: माझी आई, तिच्या शाळेतले गावित सर आणि दहा वर्षांची मी. आत बसायला जागाच नव्हती. नीलमची आई, म्हणजे जगदाळेकाकू, ऑफिसांना पोळ्या पुरवायच्या, आणि नजर जाईल तिथे वर्तमानपत्रांवर पोळ्या वाफ जायला पसरलेल्या होत्या.

आईने पदराने घाम पुसला आणि प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, मैदान मोठं, फी नावापुरती. हे सगळं तोवर मला इतकं पाठ झालं होतं, की आई मध्ये श्वास घ्यायला थांबली तर पुढचं वाक्य मी म्हणू शकले असते.

आई माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची. तिची शाळा पाचवीपासून सुरू व्हायची, म्हणजे चौथीपर्यंत इतर ठिकाणी शिकलेली मुलं तिथे येणार. पूर्वी ती आपणहून यायची, आणि नाव लावायला पालकांना ओळख काढावी लागायची. मग गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघाल्या आणि पाचवीचा पट रोडावत गेला. पट घटला की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की सगळ्यांत शेवटी लागलेला शिक्षक 'अतिरिक्त' ठरणार आणि त्याची रवानगी जिथे जागा असेल तिथे होणार, मग ते गाव नकाशात शोधावं लागलं तरी. म्हणून सुट्टी लागली की शाळेतले सगळे शिक्षक जोड्या करून वस्त्यांमध्ये मुलं गोळा करायला निघायचे.

त्या वर्षी शेवटचे लागलेले होते गावित सर. नंदुरबारकडचे, बारीक अंगाचे, बोलताना सारखा चष्मा सावरणारे. लग्न नुकतंच झालेलं. भांडुपलाच भाड्याची खोली घेऊन ते बायकोला आणायच्या तयारीत होते. हेडसरांनी त्यांना आईच्या जोडीला दिलं, कारण आईच्या, म्हणजे पालवबाईंच्या, जिभेवर साखर आहे असं शाळेत सगळे म्हणायचे. मला बरोबर नेणं भाग होतं, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट आईच्या पहिल्या दोन-चार दारांतच लक्षात आली होती. बरोबर लहान मूल असलं की लोक दार पटकन उघडतात आणि पाणी तरी विचारतात.

तरी सगळीच दारं उघडत होती असं नाही. एका बाईने टीव्हीचा आवाज कमी न करता जाळीच्या आडूनच आम्हाला वाटेला लावलं. एका गृहस्थांनी कान कोरत विचारलं होतं, "मागच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेचे आलते. ते दप्तर देतात. तुम्ही काय देता?" वर्गात नुसत्या नजरेने मुलांना गप्प करणारी माझी आई त्यांच्यापुढे हसून म्हणाली होती, "वह्या देऊ की आम्ही." मी तेव्हा दुसरीकडे बघत राहिले होते.

जगदाळेकाकू मात्र तसल्या नव्हत्या. त्यांना दप्तरही नको होतं आणि वह्याही. नीलमसाठी त्यांनी स्वतः फिरून तिन्ही शाळा पाहिल्या होत्या. खालची महापालिकेची, समोरच्या चढावरची नवी इंग्रजी आणि आईची. संडासात पाणी आहे का, पंखे फिरतात की नुसते टांगलेत, बाई वर्गात बसून स्वेटर विणते की शिकवते, सगळं त्यांनी डोकावून पाहिलं होतं. इंग्रजी शाळेने नीलमची जागा शनिवारपर्यंत राखून ठेवली होती. त्यांना आईची शाळा आवडली होती, पण शेजारपाजारचे सगळे इंग्रजीत घालत असताना आपल्याच पोरीला मागे ठेवतोय की काय, ही धास्ती त्यांच्या मनातून जात नव्हती.

आईचं सांगून संपलं तसं त्या म्हणाल्या, "ते समदं बघितलंय मी. तुमच्या पोरीचं सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जरा पुढे केलं आणि म्हणाली, "माझ्याच शाळेत. ही काय, हीच. केतकी. यंदा पाचवीला येतेय."

लाटणं थांबलं. जगदाळेकाकूंनी पहिल्यांदाच मान वर करून मला नीट पाहिलं.

"व्हय गं?"

मी "हो" म्हणाले. खरं तर आमच्या घरात तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. बाबांनी वर्षभर रोज सकाळी मला इंग्रजी शिकवलं होतं आणि मुलुंडच्या एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेची परीक्षा द्यायला लावली होती. त्या परीक्षेत मी पास झाल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं. बाबांच्या मते विषय संपला होता, आईच्या मते अजून बोलायचं बाकी होतं. त्यामुळे आई म्हणाली ते धड खोटं नव्हतं. पण ते खरंही नव्हतं, आणि हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

पिठाच्या डब्यामागून एक मुलगी पुढे आली. दोन घट्ट वेण्या, हाताला कोपरापर्यंत पीठ. तीच नीलम. ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आपण एका बाकावर बसू. मी लवकर जाऊन खिडकीकडची जागा धरते." मी त्यालाही "हो" म्हणाले. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा काही वाटत नाही.

"मग झालं तर," जगदाळेकाकू म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या. "शनवारी मी तिकडं जात न्हाई. बाई स्वताची पोर घालत्यात म्हंजी शाळंत दम आसंल."

डोंगर उतरताना गावित सरांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, असं ते आईला पुन्हा पुन्हा म्हणत होते. लोकांना दुसरं काही नकोच असतं, त्यांना एवढंच बघायचं असतं की शिकवणाऱ्याचा स्वतःचा भरवसा आहे की नाही. आई नुसती हं हं करत पायाखालची वाट बघत उतरत होती.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. दार उघडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "या आमच्या पालवबाई, आणि ही त्यांची मुलगी. हीसुद्धा यंदा आमच्याकडेच पाचवीला." मग मला पुढे यावं लागायचं. कुणी गालाला हात लावायचं, कुणी हुशार दिसते म्हणायचं, एका आजोबांनी तर माझ्याकडून सतराचा पाढा म्हणून घेतला. दुकानदाराने कापड दाखवताना ठाणाचं टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं, तशी मी त्या दिवसांत दारोदार दाखवली गेले. आणि माल खपत होता. नाकं मुरडणारे लोक शाळेच्या माहितीचा कागद हातात घेऊ लागले, परवा सांगतो म्हणणारे तिथल्या तिथे नाव लिहून देऊ लागले. पाचवीचा पट भरत आला.

एकदा सर पाणी प्यायला मागे थांबले तेव्हा मी आईला विचारलं, "मी खरंच तुझ्या शाळेत येणार?"

"बघू."

"मग सरांना तसं सांग ना."

आईने हातातले कागद पिशवीत टाकले. मग म्हणाली, "त्यांनी खोलीचं डिपॉझिट भरलंय गं." एवढं बोलून ती चालायला लागली, आणि सर आल्यावर आम्ही पुढच्या दारात गेलो.

रविवारी सकाळी घरात तो विषय निघालाच. मुलुंडच्या शाळेत सोमवारी फी भरायची होती. बाबा एका औषध कंपनीत हिशेब खात्यात होते. त्यांच्याखाली लागलेली पोरं निव्वळ फाडफाड इंग्रजीच्या जोरावर त्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होती, आणि ते शल्य त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या वाट्याला आलं ते मुलीच्या वाट्याला नको. आईचं म्हणणं त्यांच्याइतकं साधं नव्हतं, म्हणून ती अडखळत बोलत होती. सेमी इंग्रजीची मुलंही पुढे जातात म्हणाली. मग म्हणाली, मी स्वतः तिच्याकडे लक्ष देईन. शेवटी जे मनात होतं ते बोलली.

"मी डोंगरावर लोकांना काय सांगत फिरतेय, माहितीय ना तुम्हाला?"

"ते तुझं काम आहे," बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत, उलट समजावण्याच्या सुरात म्हणाले. "हे आपलं घर आहे."

आई उठून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "केतकीलाच विचारू. शिकायचं तिला आहे. तू म्हणशील तसं करू, बाळा. कुठली शाळा?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. बाबांशी तिला भांडता येत नव्हतं, आणि दिलेला शब्द मोडताही येत नव्हता. मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले असते तर ती दोन्हीतून सुटली असती. ती हसत होती, मान किंचित कलती करून वाट बघत होती. ते हसू मी पंधरवडाभर दारोदार पाहिलं होतं.

"मुलुंडची," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तिथे स्केटिंग शिकवतात ते हिने बरोबर लक्षात ठेवलंय, असं ते हसून म्हणाले, आणि मी त्यांना तसंच समजू दिलं. आई दूध बघायला आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. मला करडा पिनाफोर, इलॅस्टिकचा टाय आणि घोट्यापर्यंत दुमडायचे मोजे मिळाले. आईच्या शाळेत पाचवीचे वर्ग गच्च भरले, तुकडी वाचली, गावित सरांची बायको आली आणि त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आईने तिच्या वाटणीचा पेढा घरी आणून मला दिला. स्वतः खाल्ला नाही.

एकदा जेवताना मी विचारलं, "नीलम आली का?"

"आली."

"कुठे बसते?"

"खिडकीकडे." आईने भाताचे दोन घास घेतले. मग ताटाकडेच बघत म्हणाली, "शेजारची जागा धरून ठेवते रोज. कुणाला बसू देत नाही. आज पोरं तिच्याशी भांडायला लागली, तेव्हा मी सांगितलं की तुला बरं नाही."

बाबांनी ताटातून मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागले. ती रिकामी जागा आणि तिथे कुणाला बसू न देणारी नीलम मला दिवसभर वर्गात डोळ्यांसमोर दिसायला लागली. माझ्या नव्या वर्गात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे दिसायला वेळही भरपूर होता.

पुढच्या आठवड्यात मी बसमधून उतरून घरात शिरले, पाठीवरचं दप्तर अजून उतरवलं नव्हतं, तेवढ्यात बेल वाजली. आई नुकतीच आलेली, आत तोंड धूत होती. मी दार उघडलं.

दारात जगदाळेकाकू उभ्या होत्या. हातात स्टीलचा डबा, मागे नीलम. तिच्या वेण्यांना आईच्या शाळेच्या निळ्या रिबिनी होत्या. जिना चढून काकूंना धाप लागली होती, तरी त्या बोलायला तोंड उघडत होत्या, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या टायकडे गेलं. तिथून खिशावरच्या बिल्ल्याकडे, तिथून बुटांकडे. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

"गावितसरांनी पत्ता दिला," त्या म्हणाल्या. "मुगाची मऊ खिचडी आणलीया. आजारी हायस म्हनत हुते."

आई टॉवेलने हात पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"जगदाळेताई, आत या ना," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"नगं. पोळ्या ऱ्हायल्यात."

नीलम काकूंच्या मागून पुढे आली. तिला राग आला होता असं मला वाटत नाही. तिला फक्त कळत नव्हतं. "तू का नाही आलीस?" तिने मला विचारलं.

तिघीही माझ्याकडे बघत होत्या. खरं काय ते मला तोंडावर सांगता आलं असतं, एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले, "आईने मला तिकडे घातलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगणार.

"हो," आई म्हणाली. "मीच घातलं."

जगदाळेकाकूंनी मान हलवली. त्यांचा आवाज चढला नाही. "मग तसं सांगायचं हुतं, बाई. तुमची शाळा वाईट हाय असं मी म्हनलं न्हवतं. माझी पोर मला जड न्हवती, म्हनून इचारलं हुतं. आता त्या शाळंतली जागाबी गेली." त्या एवढं बोलल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "खा. केलीया तर खा." नीलमचा हात धरून त्या वळल्या. नीलमने जिन्याच्या वळणापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आईने दार लावलं. मार खाण्याची माझी तयारी होती, खरं सांगायचं तर इच्छाच होती. आईने डबा उघडून खिचडी एका ताटलीत काढली, तूप घातलं, चमचा ठेवला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. मग समोर बसली.

"मुलुंडची का म्हणालीस? स्केटिंगसाठी नाही ना?"

मी मान हलवली.

"मग?"

"त्या शाळेसाठी बाबा रांगेत उभे होते," मी म्हणाले. "तुझ्या शाळेसाठी तू लोकांच्या दारात उभी असतेस. मग चांगली शाळा कुठली?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात लांब करून माझ्या गळ्यातला टाय काढला आणि म्हणाली, "खिचडी गार होतेय."

नीलम त्याच शाळेत राहिली. दुसरीकडे कुठे जागा उरलीच नव्हती. वर्गात ती आईच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, पण हात वर करेनाशी झाली, असं आईने एकदा बाबांना सांगितलेलं मी ऐकलं. गावित सरांनाही सगळं कळलं. त्यांनी आईला एवढंच म्हटलं म्हणे, की बाई, मी तुमच्या शब्दावर दारोदार शब्द देत फिरलो. त्यांची नोकरी आणि खोली दोन्ही शाबूत होती, म्हणून तर त्यांना त्याहून जास्त काही बोलता येत नव्हतं.

मला त्या वर्षी इंग्रजी बऱ्यापैकी यायला लागलं. स्केटिंगमध्ये मी पडत राहिले.

पुढच्या मे महिन्यात आई पुन्हा निघाली. कागदांची पिशवी, पाण्याची बाटली, छत्री. मी अकरा वर्षांची झाले होते, पण घरी सांभाळायला अजूनही कुणी नव्हतं. ती चपला घालायला वाकली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी विचारलं, "मी येऊ तुझ्याबरोबर?"

"नको गं," आई म्हणाली. चपलेचा बंद लावून ती सरळ झाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू असलीस की लोक विचारतात."

ती जिना उतरून गेली. मी गॅलरीतून बघत राहिले. खाली तिची वाट बघत कुणी थांबलेलं नव्हतं. गावित सरांनी त्या वर्षी हेडसरांकडून दुसरी जोडी मागून घेतली होती.